'श्रीमंत अ‍ॅक्वा'चा पहिला उन्हाळा

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
आजपासून रोजनिशी. यशस्वी उद्योजक रोज लिहितात असं मोबाईलवर पाहिलं.
माझी बायको ज्योती सकाळीच शेतातल्या वस्तीवर गेली. तिथे माझ्या धाकट्या भावाच्या, कल्याणच्या बायकोचे, रोहिणीचे दिवस भरत आलेत. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे पहिलंच. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय आणि तिला आई नाही. आमची आई तर दिवाळीपासून तिकडेच आहे. ज्योती म्हणाली, आठ दिवसांत येते. मी म्हणालो, महिनाभर रहा. खरं तर मला एकांत हवाच होता. घरात माणसं असली की बिझनेसचा विचार होत नाही.
गुढी मीच उभारली. जरा शेजारच्या बन्सीच्या सलूनकडे झुकलीय. वारा आहे.
संकल्प: १) पाथर्डीतलं एकही मंगल कार्यालय आपल्या जारशिवाय राहता कामा नये. २) चिडायचं नाही. ३) कल्याण स्वतः आल्याशिवाय वस्तीवर पाऊल टाकायचं नाही. तिसरा सर्वात महत्त्वाचा.

१ एप्रिल, मंगळवार.
बोर्डाबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. गार पाण्याच्या जारचा हा प्लांट आम्ही दोघांनी टाकला. नाव 'बंधू अ‍ॅक्वा'. मी मशीन आणि व्यवहार बघायचो, कल्याण टेम्पो घेऊन जार पोचवायचा. दिवाळीला मी बोर्ड नवा केला. 'श्रीमंत अ‍ॅक्वा'. आता श्रीमंत हे माझं नाव आहे, यात माझा काय दोष? आणि 'बंधू' हे नाव ब्रँड म्हणून जुनाट वाटतं. 'श्रीमंत' म्हटलं की गिऱ्हाइकाला आपण काहीतरी भारी पितोय असं वाटतं. हे मार्केटिंग आहे.
कल्याणने बोर्ड वाचला. टेम्पोची चावी टेबलावर ठेवली आणि गेला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी समजावून सांगितलं असतं. आता तो शाळेची बस चालवतो. त्याला त्यातच आनंद असेल.

३ एप्रिल, गुरुवार.
पाणी गार करणारा चिलर आवाज करतोय. डबा बैलगाडीतून नेल्यासारखा. आतल्या नळ्यांवर बर्फ धरलाय. मेकॅनिक नगरहून येतो, त्याला फोन केला. म्हणाला, "सोमवारी बघू." कोणता सोमवार ते बोलला नाही.
दुपारी खिचडी. कुकरची शिट्टी झालीच नाही. तांदूळ जरा टणक होते. टणक भात पचायला चांगला असतो.

५ एप्रिल, शनिवार.
मेकॅनिकवर अवलंबून राहणं हीच आपल्या उद्योजकांची चूक आहे. व्हिडिओ पाहिला. बर्फ काढणं सोपं असतं. स्क्रू-ड्रायव्हर आणि हलका हातोडा घेऊन बसलो. अर्धा बर्फ निघाला तेव्हा फुस्स असा लांबलचक आवाज आला. मशीनने सुटकेचा श्वास सोडल्यासारखा. त्यानंतर बैलगाडीचा आवाज पूर्ण बंद झाला.
चिलरही बंद झाला. पण आवाजाचा प्रश्न सुटला.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
मेकॅनिकला फोनवर सगळं सांगितलं. त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, नळी फोडली तुम्ही, गॅस गेला, आता पूर्ण कॉइल बदलावी लागेल. मिळाली की येतो.
तोपर्यंत पाणी 'नॅचरल टेम्परेचर'ला द्यायचं ठरवलं. गार पाण्याने घसा धरतो हे सगळ्यांना माहीत आहे. टेम्पोवर तसा कागद चिकटवला.
ज्योतीचा फोन. रोहिणीचं बीपी वाढलंय, आठ दिवसांत काही येणं होणार नाही. मी म्हणालो, इथली अजिबात काळजी करू नकोस. ती म्हणाली, करत न्हाई. मला बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार.
रात्रभर विचार करून एक आयडिया काढली. पाणी गार नसलं तरी गार *वाटलं* पाहिजे. बाजारातून वाळ्याच्या जुड्या आणल्या आणि टाकीत सोडल्या. अख्ख्या तालुक्यात वाळ्याचा जार देणारा एकमेव प्लांट! कल्याण असता तर म्हणाला असता, दादा, असलं काय करू नको. म्हणूनच एकट्याने काम केलेलं बरं.

११ एप्रिल, शुक्रवार.
स्टँडवरच्या चहावाल्याने जार परत आणले. पाण्यात केस आहेत म्हणाला. केस नव्हेत, वाळ्याची मुळं ती. समजावून सांगत होतो, पण तो शेजारच्या सलूनकडे बघत म्हणाला, "बन्सीभाऊच्या दुकानातले उडून येत्यात वाटतं." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. उन्हात उभा होतो.
दुपारपर्यंत गावभर झालं. बन्सी वस्तरा हातात घेऊनच प्लांटमध्ये आला. "माझ्या दुकानाची बदनामी करता व्हय? रोज शेजारी बसून चहा पितो आपण!" मी वाळा दाखवला. त्याने वाळा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि गेला.
संध्याकाळी चहा एकट्याने घेतला. चहा तसा कमीच केला पाहिजे.

१४ एप्रिल, सोमवार.
मेकॅनिक आला नाही. हा तो सोमवार नसणार.
दोन मंगल कार्यालयांनी जार बंद केले. लोकांना क्वालिटीची किंमत नाही.
राजनंदिनीचा फोन. ती नगरला कॉलेजात असते. सुट्टीत कधी येतेस विचारलं. म्हणाली, "पप्पा, मी शनिवारी आलेले ना." कुठे? वस्तीवर. वाटेत आपलं घर लागतं हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, "जीप डायरेक्ट वस्तीच्या फाट्यावर सोडते." खरं आहे. वाहतुकीची सोय बघूनच माणूस प्रवास करतो.

१९ एप्रिल, शनिवार.
रोहिणीला मुलगा झाला.
ज्योती फोनवर हसत होती आणि रडतही होती. आई मध्येच फोन घेऊन ओरडली, "श्रीमंता, लई ग्वाड हाय रं! समदा तुज्यावानी कपाळाला मोठा!" मी म्हणालो, बरं. ज्योती म्हणाली, "दवाखान्यात या. चालत धा मिनिटं हाय."
मी तयार झालो. नवा शर्ट घातला. मग संकल्प आठवला. वडील भाऊ मी. कल्याणने स्वतः सांगायला नको? बायकांनी सांगितलेलं वेगळं. शर्ट काढून ठेवला. इस्त्री मोडली नाही.
तरी पेढे आणले. बन्सीला द्यायला गेलो, तर त्याच्याकडे आधीच कल्याणने दिलेला पुडा होता. माझे पेढे घरी आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार.
बारसं अक्षय्य तृतीयेला, असं कळलं. वस्तीवरच मांडव. चांगली तीनेकशे माणसं होतील.
आता इतक्या माणसांना पाणी लागणार. ऊन चाळिशीच्या वर. पाण्यासाठी कल्याण कुठे जाणार? भावाचा प्लांट असताना? त्याला यावंच लागेल. येईल, मान खाली घालून उभा राहील, आणि मी म्हणेन, अरे वेड्या, विचारायचं काय त्यात! हे वाक्य तीन-चार वेळा म्हणून बघितलं. आवाज जरा भरून येतो, तो सांभाळायचा.
दिवसभर बसून जार घासून भरले. वाळा काढून टाकलाय. चाळीस जार ओळीने लावले. बघत राहावंसं वाटतं.

२४ एप्रिल, गुरुवार.
आज कल्याण आला.
लांबून मोटरसायकल ओळखली. मी खुर्चीत रिकामाच बसलो होतो. तसं दिसणं बरं नाही, म्हणून पटकन आत गेलो, मोठा पंप चालू केला आणि त्याच्याकडे पाठ करून मीटर बघत उभा राहिलो. पंपाचा आवाज भरपूर. त्याने "दादा" म्हणून हाक मारली. ऐकू आली, पण माणूस कामात असताना पहिल्या हाकेला वळत नाही. दुसरी हाकही आली. मी तिसऱ्या हाकेला वळणार होतो.
वळलो तेव्हा दारात कोणी नव्हतं.
थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं? नव्या पिढीला धीर नाही. म्हणजे तो त्रेचाळीसचा आहे, पण तरी.
दारातल्या धुळीत त्याच्या चपलांचे ठसे बराच वेळ होते. मी झाडू मारला नाही. झाडू सापडला नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार.
पंप जळाला. काल खालची टाकी कोरडी होती, बोअरचं पाणी आटत आलंय. मी मीटरकडे बघत होतो, पण मीटर बंद आहे हे लक्षात आलं नाही. वाइंडिंगवाला म्हणाला, "कोरडा किती वेळ चालवला?" मी म्हणालो, थोडाच.
आता नवं पाणी शुद्ध होणार नाही. चाळीस जार भरलेले आहेत ते आहेत. ते कुणाला द्यायचे नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्याला नाही म्हणालो. या आठवड्यातलं एकच होतं.

२८ एप्रिल, सोमवार.
ज्योती आली! कपडे न्यायला. घरात शिरून तिने आधी खिडक्या उघडल्या. ओट्यावरचे पेढे बघितले. त्यांना बुरशी आली होती. टाकून दिले.
मी पाण्याचं विचारलं. सहज विचारल्यासारखं.
ती म्हणाली, "भावजी आलते ना सांगायला. तुमी पाठ फिरवून उभं राहिला म्हणं."
मी म्हणालो, पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही.
"मग मागनं जायचं हुतं. फोन करायचा हुता." ती पिशवी भरत होती. "बुधवारी सकाळी या. पोराला बघा. एवढंच सांगते, दुसरं काय न्हाई."
मी म्हणालो, बघतो, कामाचा लोड आहे. तिने प्लांटकडे बघितलं. प्लांट एकदम शांत होता.
जाताना माझा नवा शर्ट खुंटीला लावून गेली. याचा अर्थ तिला माझी काळजी आहे. किंवा तो खाली पडला होता.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया.
आज सविस्तर लिहितो.
जायचं ठरवलं. संकल्प मोडला असं नाही. कल्याण आला होता, म्हणजे अट पूर्ण झाली. शिवाय मी पाहुणा म्हणून नाही, पाणी घेऊन चाललो होतो. पाणी येईपर्यंत पंगत बसणार नाही आणि थोरला चुलता आल्याशिवाय नाव ठेवणार नाहीत, असा माझा हिशेब.
चाळीस जार एकट्याने चढवले. कल्याण दोन-दोन उचलायचा, एका हातात एक. मी एकेक, दोन्ही हातांनी. सगळे चढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग टेम्पो चालू होईना. बन्सी सलूनच्या दारात उभा होता. हाक मारली नव्हती, तरी आला, मागून धक्का दिला आणि हात झटकत परत गेला. मी थँक्यू म्हणालो, पण तोवर टेम्पो पुढे गेला होता.
घाटाच्या अलीकडे इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफा. जवळपास झाड नाही, माणूस नाही. रेडिएटरमध्ये एक जार ओतला. थोडं पुढे गेल्यावर आणखी एक. अशा चार थांब्यांत सहा जार गेले. टेम्पोला तरी गोडी लागली आपल्या पाण्याची.
वस्तीवर पोचलो तेव्हा मांडवातून माणसं दात कोरत बाहेर पडत होती. कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्या प्लांटचे निळे जार रांगेने. बाहेरून दव आलेले, म्हणजे चांगलेच गार. मी बघितलं नाही असं केलं.
एका बाईला विचारलं, नाव काय ठेवलं? "समर्थ," ती म्हणाली. "तुमी कोन, पान्यावालं का?"
मी हो म्हणालो.
कल्याणने लांबून बघितलं. धावतच आला. शर्ट घामाने चिकटलेला, डोक्याला फेटा. माझ्याआधी जारला हात घातला. दोन उचलले. हात लावल्यावर थांबला. उन्हात तापून जार चहासारखे झाले होते.
मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं. पण ते त्याने पाणी मागितल्यावर म्हणायचं होतं. त्याने मागितलं नव्हतं.
तो म्हणाला, "दादा, जेवून घे. शिरा ठेवलाय काढून."
मी म्हणालो, जेवून आलोय. का म्हणालो कुणास ठाऊक.
"मग पोराला तरी बघ."
आत गेलो. बाळ झोपलं होतं. आई पाळण्याची दोरी धरून बसलेली. म्हणाली, "आलास व्हय रं बाबा," आणि डोळ्यांना पदर लावला. रोहिणीने उठून पाया पडायला वाकू का असं केलं, मी नको नको म्हणालो. कपाळ खरंच मोठं आहे. मी बोट लावणार होतो, पण हाताला रेडिएटरचं काळं होतं.
बाहेर आलो तर भांडी घासणाऱ्या बायकांनी माझे जार घेतले होते. आचारी म्हणत होता, "ह्ये बरं हाय, गरम हाय, तूप निघंल पातेल्याचं." ज्योती पलीकडे उभी होती. माझ्याकडे बघत होती. मी बाह्या वर केल्या आणि जार वाकडे करून त्यांना पाणी ओतून दिलं. सगळे चौतीस. पातेली झकास निघाली. पाणी आपलं मुळात चांगलंच आहे.
ज्योतीला म्हणालो, येतेस? ती म्हणाली, सव्वा महिना झाल्यावर बघू.

१ मे, गुरुवार. महाराष्ट्र दिन.
प्लांटला सुट्टी दिली. जिल्हाभर सगळं बंदच असतं.
दुपारी ज्योतीला फोन केला. कुकरची रिंग कुठे ठेवली आहे ते विचारायला. ती म्हणाली, वरच्या फळीवर, डाव्या बाजूला. मी म्हणालो, बरं. जेवला का म्हणाली. मी म्हणालो, हो, आज सुट्टी घेतलीय. ती म्हणाली, ठेवते मग.
पण तिने फोन बंद केला नाही. तसाच कुठेतरी ठेवला असणार. आईचा आवाज आला, "कुनाचा फोन हुता गं?" ज्योती म्हणाली, "ह्यांचा." "काय म्हनत हुता?" "काय न्हाई. सुट्टी हाय म्हणं." मग भांडं पडल्याचा आवाज. कल्याण कशाला तरी मोठ्याने हसला. समर्थ रडायला लागला. चांगला खणखणीत रडतो. मग कोणीतरी त्याला घेतलं असणार, कारण थांबला. आई काहीतरी गुणगुणत होती, शब्द कळत नव्हते. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तेवढंच ऐकू येत होतं.
मग फोन आपोआप कट झाला. रेंज गेली असणार.