दम्याच्या औषधाचं नाव

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज डॉक्टरांनी मला सहज विचारलं, "घरचं काही घेता का हो?" मी काढ्यात घालते त्या सगळ्या पाल्यांची नावं घडाघडा सांगून टाकली. एवढं कुणी सांगत नाही म्हणाले. मान ताठ झाली माझी. हे मी कुणाकडून शिकले, ते त्यांना कुठं ठाऊक!

आपल्या घरचं दम्याचं औषध पंचक्रोशीत नावाजलेलं, पण ते कशाचं, हे आईलाही माहीत नव्हतं. नाव फुटलं की गुण जातो, अशी आजोबांची शपथ होती तुम्हाला. मला तर लहानपणापासून दमा. छाती भरली की तुम्ही निखाऱ्यावर चिमूटभर चुरा टाकायचात आणि त्या धुरानं मी माणसात यायचे. तुम्ही नाव गुप्त राखलंत म्हणून मी जगतेय, असंच मला वाटायचं.

मग शेजारचा फौजी लढाईवरून दमा घेऊन परतला. तुम्ही त्यालाही चुरा दिलात. डॉक्टरांचं औषध चालू आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि त्यानंही सांगितलं नाही. एका सकाळी तो बरळायलाच लागला, छाती धडधडायला लागली. पलूसहून डॉक्टर आले. मी दारात उभी आहे. डॉक्टर विचारतायत, "ह्याला दिलंय काय?" त्याची आई हात जोडते, "आवं, बोला की!" तुम्ही एकदा माझ्याकडं बघता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "धोतऱ्याचा पाला हाय, डाक्टर. इख हाय त्ये. गुण जाऊ दे, पर पोरगं ऱ्हायलं पायजे."

"माझ्याही औषधात त्याच जातीचं द्रव्य आहे, दोन्ही मिळून फार झालं," म्हणत डॉक्टर कामाला लागले. फौजी वाचला. पुढं कुणीही आलं की तुम्ही डोळे वटारून आधी विचारायचात, "डाक्टरचं काय चालू हाय? लपवू नगंस." चालू असलं की चुरा मिळायचा नाही. आबांचा गुण गेला म्हणत लोक यायचे कमी झाले, तरी तुम्ही हटला नाहीत. तो धूर मी आज कुणाला घेऊ देणार नाही, पण तुमचा लय अभिमान वाटतो मला.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. तुम्ही नाव फोडलंत, त्यानंतर माझी छाती पहिल्यांदा भरली, तुम्ही चुरा टाकलात आणि माझ्या तोंडाकडं बघत बसलात. मला आराम पडला नव्हता, आबा. पण चुरा पुन्हा पुन्हा हुंगून बघताना मी तुम्हाला पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हणाले, "पडला."