लाल त्रिकोणाखालची पोरं

भिंतीवर ‘दोन किंवा तीन पुरेत’ असं तुम्ही हातभर अक्षरांत लिहायचा आणि त्याखाली पोरं मात्र दोनच काढायचा. धाकटी बहीण आणि बाळ. थोरली मी, चुन्याची बादली धरून तुमच्या मागं उभी. जितीजागती पोरगी खाली ठेवून मेलेल्या पोराला भिंतीवर चढवणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. आबा, हे आधी सांगून टाकलं, आता बाकीचं. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तेव्हा बरे आहात का हे विचारत बसत नाही.

तुम्हाला सरकारी भिंतींचं काम मिळालं त्या सालीच मला चौथीतून काढलंत. कुटुंबनियोजनाचा छापील कागद आला होता. लाल त्रिकोण, आई, बाप, एक पोरगा, एक पोरगी. गावोगाव हेच काढायचं. बाळ जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. चार वर्षांचा होता, घसा धरला आणि दोन दिवसांत गेला. त्याचा फोटो नव्हता. जत्रेत फोटोवाला आला होता तेव्हा आईच म्हणाली होती, पुढल्या वर्षी काढू, आत्ता नाक वाहतंय.

लोणंदला कांद्याच्या बाजाराशेजारी पहिली भिंत. मी नीळ लावलेली दोरी धरते, तुम्ही ती ओढून सोडता, चौकटी पडतात. आई-बाप कागदावरचेच निघाले. मग पोराचं तोंड आलं आणि मी बादली खाली ठेवली.

“आबा, ह्यो आपला बाळ हाय.”

“चुना ढवळ,” तुम्ही म्हणालात. “तळाला बसंल.”

शेजारच्या पोरीला बघितलं तर धाकटी. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला.

पुढं प्रत्येक गावात तेच. कोरेगावला तर आई भाकरी बांधून एस.टी.नं आली. भिंतीसमोर दिवसभर बसली, भाकरी तशीच घेऊन परत गेली. पाचगणीला गार वारं लागतं म्हणून तुम्ही बाळाला निळा स्वेटर घातलात. जिता होता तेव्हा माझं जुनं पोलकं घालून हिंडत होता तो. विट्याला तुम्ही त्याला उंच केलंत, खांद्याला शाळेची पिशवी दिलीत. सहा वर्षांचा झाला असता ना. तुमच्या हिशेबात तो वाढत होता. मीही वाढत होते, ते कुणी बघावं?

विट्यालाच मी तोंड उघडलं.

“वर ‘दोन किंवा तीन’ लिवताय. मग तिसरी कुठं हाय?”

“कागदावर दोनच हायत.”

“कागदावर बाळ बी न्हाई. त्याला काढलाय न्हवं? मग धाकटीच्या जागी मला काढा एखाद्या गावात.”

तुम्ही ब्रश डब्यात बुडवून ठेवलात. खोटं बोलता आलं असतं. पण तुम्ही शिडीवरूनच, भिंतीकडं तोंड करून म्हणालात, “तुजं तोंड ध्यानात येत न्हाई गं. धाकटी जेवताना म्होरं बसती. तू सदा माझ्या मागंच असतीस.”

मागं कुणी उभं केलं होतं मला? एवढं पटकन सुचलं नाही. आता सुचतंय, म्हणून लिहिते.

मग जत. चावडीची भिंत होती. टँकरची वाट बघत बायका घागरी मांडून बसलेल्या. रंगाला पाणी मागायची लाज वाटत होती. तरी एका म्हातारीनं आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी तुमच्या डब्यात ओतलं आणि बाळाकडं बोट करून कानडीत काहीतरी विचारलं. तिला मराठी येत नव्हतं, तुम्हाला कानडी. आणि घरात आईपुढं त्याचा विषय न काढणारे तुम्ही त्या म्हातारीपुढं उकिडवे बसलात आणि सगळं सांगितलंत. ताप कधी चढला, गाडी जुपायला कसा उशीर झाला, दवाखान्याच्या वाटेवर त्यानं उसाचं कांडं मागितलं आणि घसा दुखेल म्हणून तुम्ही दिलं नाही. बोलता बोलता तुम्ही रडलात. म्हातारी आपली मान हलवत होती. मी चार हातांवर उभी होते. उसाच्या कांड्याचं मला त्या दिवशी कळलं. कळणारी माणसं घरात तीन होती, आणि तुम्हाला न कळणारीच बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही परसाकडं गेलात. मी म्हशीचं ताजं शेण उचललं आणि बाळाच्या तोंडावर थापलं. गोवरी थापतात तसं, जोर लावून. तेरा वर्षांची पोर होते, लहान नव्हते.

तुम्ही आलात तोवर माणसं जमली होती. आणीबाणीचे दिवस, नसबंदीच्या सक्तीनं त्या त्रिकोणावर लोकांचा राग होताच. पोलीस पाटील म्हणाला, “कुणाचं काम म्हनायचं पेंटर? गाव लय चिडलाय ह्या चित्रावर. वाईट वाटून घिऊ नगा.”

“व्हय,” तुम्ही म्हणालात. “लोकांचं बी बरोबर हाय.”

शेणात माझी बोटं उमटली होती. तुम्ही बराच वेळ ती बघत राहिलात. मी पाठीशी हात घेऊन मागं उभी होते आणि तुम्ही मागं वळला नाहीत. आपल्या धोतराच्या सोग्यानं तुम्ही त्याचं तोंड पुसलंत. शेणाचा हिरवा डाग चुन्यात मुरला होता, तो निघेना. तेव्हा चुन्याचे दोन हात मारून बाळाला झाकलंत, आणि सुकल्यावर कागदावरचा गुबगुबीत पोरगा काढलात, बाजूला भांग पाडलेला. त्यानंतर प्रत्येक गावात तोच. धाकटीही भिंतीवरून गेली, तिच्या जागी कागदावरची पोरगी आली.

दम्यानं तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा आई म्हणाली, चुलीमागच्या भिंतीवर एवढा बाळ काढून द्या. तुम्ही बसलात, कोळसा घेतलात. दोन-तीनदा काढून पुसलंत. “हात इसरला,” म्हणालात. आईनं कोळसा काढून घेतला आणि चुलीत टाकला. मी तिथंच भाकरी थापत होते.

तुमच्या मागं मी भिंती हुडकत फिरले. नवरा मिलिटरीत, कोण विचारणार होतं. लोणंदची भिंत रस्त्यात गेली. कोरेगावला तिच्यावर सिमेंटची जाहिरात. विट्याला तिथं गाळे झालेत. पाचगणीला भिंत सापडली, पण गळ्यापासून वर गिलावा पडलेला. खाली तेवढा निळा स्वेटर. मी समोर उभी राहून त्याचं तोंड आठवायला बघितलं, तर तो सरकारी पोरगाच समोर येत होता. घरी येऊन आईला सांगितलं, तोंड धड आहे, हसतोय. “दात दिसत्यात?” तिनं विचारलं. मी म्हणाले, दिसतात. गुडघ्यांनी तिला तिथवर जाता येत नव्हतं, म्हणून खपलं.

हे कुणाला वाचून दाखवणार नाही आणि तिकीट लावून वायाही घालवणार नाही. ते शेण माझं होतं, एवढं कागदावर यायचं होतं. तुम्ही उत्तर देऊ नका. तुम्ही द्याल ते मला ठाऊक आहे, चुना ढवळ म्हणाल आणि विषय मिटवाल. तोंड बाळाचं गेलं, उत्तर त्यानं द्यायचं. लिहिता येत नसेल तर ब्रश त्याच्या हातात द्या. आणि तुम्ही मधे पडू नका.