लादिशिच घराण्याचे उरलेले निम्मे घर

मी श्टेफानिया, कै. टोमो लादिशिच यांची मुलगी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार येल्शेनाच, तुरोपोल्ये, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावे.

१. राहते घर. आमच्या सरदार घराण्याचे हे ओकच्या तुळयांचे दुमजली घर, पुढे ओसरी, वर संरक्षित वास्तू असल्याची सरकारी पाटी. पूर्वेची बाजू मात्र नुसत्या फळ्यांची. तिथे पूर्वी निम्मे घर होते. माझे वडील आणि धाकटे काका यांचे पावाच्या भट्टीवरून भांडण झाले. वडील ओरडले, "घे तुझा हिस्सा आणि तोंड काळं कर!" काकांनी ते अक्षरशः मनावर घेतले. आमच्याकडे खिळ्यांशिवाय, खाचेत खाच बसवून घरे उभारतात आणि तुळयांवर आकडे कोरतात, म्हणजे घर सुटे करून पुन्हा जोडता येते. काकांनी आपला हिस्सा एकेक तुळई काढून सुटा केला, बैलगाड्यांवर लादला आणि कोब्राश गावी नेऊन उभा केला. मी तेव्हा लहान पोर, रडत गाड्यांमागे पळाले, कारण शेवटच्या गाडीवर माझी झोपायची खोली होती. त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

२. भाचा गाश्पार याचे म्हणणे असे: "आत्या, समुद्राकाठचे हॉटेलवाले जुन्या लाकडासाठी जीव टाकतात. विकून टाक, झाग्रेबात मस्त फ्लॅट येईल तुला." फ्लॅटमध्ये मी डुकरे कुठे ठेवू, ते त्याने सांगितले नाही. त्याला ओढ्याकाठचे कुरण द्यावे, आणि पूर्वजांची तलवार. तिने तुर्क कापले, असे तो पाहुण्यांना सांगतो. माझ्या देखत तिने फक्त कोबी कापला आहे. घराचा ढलपाही त्याला मिळू नये.

३. घर, भट्टी आणि डुकरे मी काकांची नात यालझा हिला देते. गेल्या हिवाळ्यात मी घसरून पडल्याचे ऐकून ती कोंबडीचे सूप घेऊन आली. आधी उंबऱ्यातच अवघडली. मग तुळयांवरून हात फिरवत म्हणाली, "आत्या, तुमचे आकडे नऊवर संपतात. आमचे दहापासून सुरू होतात. माझ्या लेकीला वाटतं, सुताराला मोजताच येत नव्हतं!" मी इतकी हसले की कंबर पुन्हा धरली. मग आम्ही दोघी रडलो.

अट एकच. तिने आपले निम्मे घर परत आणून मूळ जागी जोडावे. सरकारी परवानगी आली आहे. यालझाने विचारले, "आणि पुन्हा भांडण झालं तर?"

"होईलच. लादिशिच आहोत आपण. फक्त सुतार बोलवायचा नाही."

४. माझे दफन साधेपणाने करावे. गाश्पारने भाषण करू नये.

५. हे सगळे माझ्या मरणापर्यंत थांबवायची माझी तयारी नाही. येत्या सोमवारी पूर्वेच्या फळ्या निघतील आणि तुळया येऊन बसेपर्यंत माझ्या खोलीला एक बाजू नसेल. या थंडीत हा वेडेपणा आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणतात. असू दे. गाड्या येताना मला पलंगावरून दिसल्या पाहिजेत.

येल्शेनाच, संत मार्टिनचा दिवस, ११ नोव्हेंबर २००८
सही: श्टेफानिया लादिशिच

साक्षीदार:
१. फ्लोरियान ब्रेझार, सुतार
२. डॉ. नेव्हेन्का श्पोल्यार (थंडीबाबतचे माझे मत कायम आहे. सोमवारी मीही येते.)