सात खळी

पालघर, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९६४

धोब्याने दोनदा धुतला, तरी सदऱ्याला बोंबलाचा वास! कोणत्या पापाचं हे फळ?

पाप ठाऊक आहे. तारापूरकडच्या एका गावाच्या जुन्या कागदात ‘खळी सात’ वाचलं आणि लेखात मी भात मळणारं गाव उभं केलं. मागच्या आठवड्यात तिथल्या हिराबाई कोळणीने मला वाळत्या बोंबलांच्या अंगणात नेलं. “पेपरवाले भाऊ, हा आमचा खला. इथं बोंबील सुकवतो आमी. तुमी ते मळून ठेवले!” संस्कृतात खल म्हणजे दुर्जनही, तो मीच. पण तिच्या एका शब्दाने कागदातल्या सात खळ्यांत बाया बोंबलांच्या पाट्या उचलून चालू लागल्या. उपकारच बाईचे. वास राहू दे.

दुरुस्ती पाठवली आहे. छापतील? वीजकेंद्रासाठी तिचं गाव उठणार आहे. पुढे कुणी माझा लेखच खरा मानेल, याची मला भीती वाटते.