मिखाएलचा भाला

३ जून १७६८

शेजारच्या गावचा घंटावाला काल वादळात गेला. वीज चर्चच्या बुरुजावर पडली आणि भिजल्या दोरावाटे त्याच्या हातात उतरली. ढग पांगावेत म्हणून पवित्र घंटा बडवत होता बिचारा! आमचा घंटावाला सांते, त्याने आज बुरुजाची किल्ली आणून टेबलावर ठेवली. ‘मला लेकरंबाळं आहेत, पाद्रीबाबा.’

आणि पाद्रीबाबा – म्हणजे माझा धाकटा भाऊ कॅलिस्तो – काय म्हणाला? ‘मग मी वाजवीन.’ साठीला आला, अक्कल नाही!

४ जून

त्याला समजावलं. बुरुजावर टोकदार लोखंडी सळी, तिच्यापासून जमिनीपर्यंत तार. वीज तारेने निघून जाते, माणूस वाचतो. चाळीस वर्षांपूर्वी बोलोन्याच्या विद्यापीठात, बाई म्हणून पडद्याआड बसून पदार्थविज्ञान शिकले ते काय शेवया वळायला?

‘ताई, गावाला कळलं तर आधी सळी उपटतील, मग मला.’

‘आणि घंटा वाजवताना गेलास तर?’

‘तर थडग्यावर लाव तुझी सळी.’ वर हसला! मी ताट त्याच्यापुढे आपटलं.

९ जून

कुणकुण लागलीच. दोमितिल्ला शेजारीण भर बाजारात – ‘विजेला आवतण धाडताय म्हणे, बाई! आमच्या द्राक्षांवर गारा पडल्या म्हणजे?’ म्हटलं, ‘तुझ्या जिभेवर पडोत.’ सभ्यपणाचं नव्हतं. बरं वाटलं.

१४ जून

सुचलं! बुरुजाच्या टोकावर संत मिखाएलचा पुतळा उभा आहे, सैतानावर भाला उगारून. भाल्याचं पातं वाऱ्याने केव्हाच मोडलं, हातात नुसता दांडका. नवा भाला नको का? चांगला दोन पुरुष उंच! त्यात विजेचं नाव कुठे येतं?

लोहार बास्तियानोला सांगितलं.

‘ही तार कशाला, बाई?’

‘संत वाऱ्यात हलू नये म्हणून.’

‘पार खाली जमिनीत?’

‘मोठा संत आहे.’

२९ जून

भाला चढला. सगळ्यात जास्त वर्गणी दोमितिल्लाची! कॅलिस्तोने प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडलं, वर पाहिलं. ‘फार लांब नाही का, ताई?’ म्हटलं, ‘सैतान जवळ येतोय थोडाच?’ मान डोलावून गेला. भोळा!

१७ जुलै

दुपारी आभाळ काळं झालं. कॅलिस्तो भरल्या ताटावरून उठला. मी दार अडवलं तर काखेखालून निसटला – या वयात! घंटा सुरू झाली. मी अंगणात भिजत उभी. मग पांढरा लोळ, सरळ भाल्यावर. जमीन हादरली.

घंटा थांबली.

चर्चच्या दारापर्यंत कशी पोचले, आठवत नाही. तेवढ्यात – टण्ण! बेसूर, नेहमीसारखीच. तिथेच पायरीवर बसले.

१८ जुलै

गावभर जल्लोष. मिखाएलने वीज भाल्यावर झेलली! दोमितिल्ला मेणबत्त्या वाटतेय. जिभेवर आलं होतं – अगं, तार! गिळलं.

आणि कॅलिस्तोने प्रवचनात जाहीर केलं – यापुढे वादळात घंटा नाही. ‘संत पहाऱ्यावर असताना आपण कोण आरडाओरडा करणार?’ सांते ‘आमेन’ एवढ्या जोरात ओरडला की कबुतरं उडाली. मी जिंकले, आणि आमच्या पाद्रीबाबांना पत्ताच नाही!

२० जुलै

तार पाहायला बुरुजामागे गेले. तिचं टोक मी भिंतीलगत मुरुमात पुरून घेतलं होतं. तिथे नाही! कुणीतरी पुढे तार जोडून थेट विहिरीच्या पाण्यात सोडली आहे. तेच बरोबर – कोरड्या मुरुमात वीज जिरली नसती. माझ्या लक्षात कसं आलं नाही?

बास्तियानोला धरलं.

‘पाद्रीबाबांनी करून घेतलं. भाला चढला त्याच संध्याकाळी. म्हणाले, ताईला बोलू नकोस, ती खुशीत आहे.’