आल्जेब्रा कधी कामाला येतो?

मी, कुलसुम जमाल मुकादम, वय ७३, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. तो मुलगा झुबेर याच्या समाधानासाठी. त्याच्याकडे मी असा दाखला कधी मागितला नाही.

१. माझे वारस दोनच : झुबेर आणि मुलगी रिदा. झुबेर कामोठ्यात ‘झुबेर सर मॅथ्स-फिजिक्स’ हा क्लास चालवतो. चालवतो म्हणजे फी घेतो आणि फ्लेक्सवर हात बांधून उभा राहतो. शिकवते रिदा.

२. क्लासच्या भिंतीवरचे शास्त्रज्ञ आधी उतरवावेत. न्यूटनच्या डोक्यात सफरचंद आपटलेले दाखवले आहे. अरे बाबा, ते पडताना पाहिले, एवढेच तो सांगत असे! आइन्स्टाइनखाली ‘हाही गणितात नापास’ असे छापले आहे. त्याला पंधरा पुरी व्हायच्या आत कॅल्क्युलस येत होते. नापास झुबेर झाला होता, नववीत, माझ्याच हातून. त्याचे खापर त्या बिचाऱ्यावर कशाला फोडायचे?

३. त्या जागी जर्मन गणितज्ञ एमी नोएथरचा फोटो लावावा, खर्च माझ्या पेन्शनमधून. ऊर्जा नष्ट का होत नाही, याचे मूळ या बाईने दाखवले. तरी ग्योटिंगन विद्यापीठात कैक वर्षे तिची व्याख्याने प्राध्यापक हिल्बर्टसाहेबांच्या नावावर लागत, आणि पगार शून्य. हिल्बर्टला निदान गणित येत होते.

४. शाळेत असताना झुबेर कुरकुरायचा, “अम्मी, आल्जेब्रा जिंदगीत कधी कामाला येतो?” बेटा, आज. ज्याच्या किताबेवरून हे नाव पडले, त्या अल-ख्वारिझ्मीने जवळजवळ अर्धी किताब वारसांच्या वाटणीवर खर्ची घातली आहे. शरियतीप्रमाणे मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. मृत्युपत्राने एका वारसाला जास्त द्यायचे तर दुसऱ्याची कबुली लागते. म्हणून झुबेरला समोर बसवून विचारले, रिदाला घर देऊ का? म्हणाला, “कायद्याने होईल ते होऊ दे ना. हिशेब रिदाला सांग, ती करेल.” तिने केला. भावाला आपल्या दुप्पट लिहून दिले आणि चहा टाकायला उठली. मला रडू आले, आणि मग भयंकर संताप आला.

५. तरी बँकेतली ठेव, दागिने आणि आपटा गावची जमीन यांचे दोन हिस्से झुबेरला, एक रिदाला. हिशेब बरोबर आहे. तपासायची तसदी झुबेरने घेऊ नये, जमणार नाही.

६. घर या मृत्युपत्रात नाही. शेजारीण चंद्रावती म्हणाली, “बाई, मेल्यावर कशाला? आताच देऊन टाका. मंग भांडायला तुमी हाय कुठं?” तिचे ऐकले. गेल्या सोमवारी घर रिदाला हिबा केले, म्हणजे हयातीतच बक्षीस दिले, आणि किल्ल्या तिच्या हाती ठेवल्या. आता मी तिच्या घरी पाहुणी आहे. दारावर बोर्ड लागला आहे : ‘रिदा मॅडम, गणित व भौतिकशास्त्र’. कामोठ्याची मुले कालपासून इकडेच येतात. झुबेरला यायचे असेल तर नववीच्या बॅचमध्ये एक जागा ठेवली आहे. फी पूर्ण घेतली जाईल.

वाचून, समजून, कुणाच्याही दबावाशिवाय सही केली.

कुलसुम जमाल मुकादम

साक्षीदार :
१. चंद्रावती भगवान म्हात्रे, शेजारीण
२. मनिषा हरेश भोईर, माजी विद्यार्थिनी (गणितात पास)

पनवेल, जि. रायगड
दि. ६ फेब्रुवारी २०२५