जांभळीखालची जागा

३ फेब्रुवारी
आमचं स्टेशन ऐतिहासिक आहे. पहिली गाडी आली तेव्हा अख्खा गाव आरती घेऊन उभा होता. तेव्हा माझा जन्मही नव्हता. इतिहास अजून कशाला म्हणतात? आता स्टेशन नवं होणार, मागोमाग बाजारपेठ जागी होणार. सुशोभीकरण समितीची सचिव मी. गावातल्या इतर पदवीधरांना वेळ नव्हता.
आये स्टेशनच्या दारात जांभळीखाली टोपली मांडून कोकम, काजूगर विकते. माझी पदवी त्याच टोपलीतून निघाली. तिला पक्का गाळा मिळवून देणार. संकल्प.

१० फेब्रुवारी
ठेकेदाराचे सुपरवायझर मितेश साहेब. फार सुसंस्कृत. गाळ्याचं विचारलं. "बघू मॅडम," म्हणाले. म्हणजे होकारच.
आये म्हणाली, "बघू म्हणजे बघूच गो." पिढीचा फरक.

१४ फेब्रुवारी
दर्शनी भिंतीवर टोपलीवाल्या बाईचं चित्र. कल्पना माझी, मॉडेल आये. चित्रकारासमोर दिवसभर बसली. धंदा बुडाला. कलेसाठी चालायचंच.

२ मार्च
भूमिपूजन. रिवाजाप्रमाणे गावचे मानकरी, गावकार भिकाजीकाकांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, "ह्या कामात जी काय आडकाठी आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"
सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा. त्याखालोखाल जांभळीखालून आयेचा. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

५ मार्च
आराखडा पाहिला. जांभळीच्या जागी कारंजं. गाळा नाही. मितेश साहेबांना म्हटलं, तिथे माझी आई बसते. ते म्हणाले, "तीच तर आडकाठी. गावानेच देवाला सांगितलंय ना?"
काकांकडे धावले. "देवाक सांगललां मागे कसा घेवचा?"
आयेला म्हटलं, चल, दोघी भांडू. ती टोपली आवरत होती. "मी पण व्हय म्हटलंय मां गो. आता खंयच्या तोंडान भांडू?"
गैरसमज आहे. सविस्तर अर्ज करते.

११ मार्च
जांभळ पडली. अर्जाचं उत्तर नाही. म्हणजे विचार चालू असणार.

२० मे
उद्घाटन. कारंज्याला पाणी नाही, मे महिना. चित्र मात्र अप्रतिम. मुंबईची मंडळी चित्रातल्या आयेशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती. सचिव म्हणून मोबाईल माझ्याच हातात दिलेला.
तेवढ्यात खरी आये टोपली घेऊन आली. गाडीची वेळ झालेली, सवयीने आली असेल. नेमकी भिंतीसमोर उभी. पाहुणे खोळंबले.
मीच म्हटलं, "आये, जरा बाजूक हो."
तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. टोपली डोक्यावर घेतली.
म्हणाली, "व्हय म्हाराजा."